डोलकाठीची तिसरी रिंग

८ फेब्रुवारी, रविवार

तळ्यावरच्या क्लबातून पत्र. पाकिटावर अजून ह्यांचंच नाव. सोळा महिन्यांपूर्वी गेलेल्या माणसाला 'आपण व्यक्तिशः उपस्थित राहावे' म्हणून कळवलंय. राहिले उपस्थित तर सेक्रेटरीला पळता भुई थोडी होईल!

मतलब एवढाच— बावीस मार्चला हंगामाचा पहिला दिवस. त्या दिवशी प्रत्येक होडी डोलकाठी उभी करून धक्क्याला हजर पाहिजे. आमची नसेल तर शेडमधली जागा दुसऱ्याला.

चाळीस वर्षं मी ह्यांना 'हे' म्हणाले. ह्या वहीत कप्तान म्हणणार. टपाल कचेरीत पत्रं लावणारा माणूस, बारा फुटांची शिडाची होडी, आणि ऐट गलबताची!

जागा गेली तर जाऊ दे, असं सकाळी वाटलं. दुपारपर्यंत वाटेनासं झालं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

शेडवर गेले. कुलूप उघडता उघडेना. माझ्या जुडग्याची रिंग एवढीशी, किल्ली वळवायला गेलं की बाकीच्या चार आड येतात. घराला हा एकच जुडगा. कप्तानांचा केव्हाच तळ्याच्या तळाशी गेला, तेव्हापासून तेही माझाच वापरायचे.

आत होडी ताडपत्रीखाली, आणि डोलकाठी शेजारी आडवी, तारा अंगाभोवती गुंडाळून. आजारी माणसासारखी. दोन वर्षं कोणी हात लावला नाही.

धक्क्यावरचा मिस्त्री आला. नवा आहे, त्याला काही माहीत नाही. "काकू, ही होडी म्हणजे ते डोलकाठी बांधायला विसरलेले, त्यांची ना?"

म्हटलं, "हो. आणि मी त्यांची बायको, जी ऐकायला विसरलेली नाही."

बिचारा तोंड लपवून गेला. पण बोलला ते खरंच, लोक तसंच म्हणतात. दोन वर्षांपूर्वी भर शर्यतीत, सगळ्या तळ्यासमोर, आमची डोलकाठी आडवी झाली. सरळ भोंग्याच्या खांद्यावर. गळ्याजवळचं हाड मोडलं.

भोंगा म्हणजे कप्तानांचा जन्माचा मित्र आणि होडीतला जोडीदार. नाव पडलं ते उगीच नाही. त्याच्या पोटात गोष्ट सकाळी घाला, दुपारी बाजारात ऐकू येते. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला कप्तानांनी मला घड्याळ आणलं होतं— ते मला भोंग्याकडून आठ दिवस आधी कळलं, किमतीसकट.

अपघातानंतर दोघांचं तुटलं. कप्तान घरी येऊन म्हणाले, "भोंग्याशी माझं संपलं. तो म्हणतो मी डोलकाठीच्या तारेची रिंग घातली नव्हती. मी म्हणतो माझ्या हाताने घातली." पुढे एक अक्षर नाही. आठ महिन्यांनी कप्तान खुर्चीत पेपर वाचता वाचता गेले, तेव्हाही भोंगा फाटकाच्या आत आला नाही. बाहेर रस्त्यावर उभा. तोंडाला रुमाल.

मी ते विसरलेली नाही. मरणाच्या दिवशीही जो हेका सोडत नाही, त्याला मित्र म्हणायचं!

ठरलं. बावीस मार्चला डोलकाठी उभी राहणार. कप्तानांना डोलकाठी बांधता येत होती, हे सगळ्या तळ्याने बघायचं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

डोलकाठी घरी आणली. शेड गळते, तिथे लाकडाला वार्निश बसणार नाही. मिस्त्रीने टेम्पोच्या टपावर बांधून आणली, परवाचं प्रायश्चित्त म्हणून.

सोळा फूट! बुंधा पुढच्या दाराशी, तिथून सगळी बोळवजा खोली पार करून शेंडा स्वयंपाकघरात, ओट्यावर. न्हाणीघराचं दार आता अर्धंच लागतं. लागू दे. बघतंय कोण!

शेंड्याला दोरीची कप्पी आहे ना, जिच्यावरून शीड वर जातं, ती बरोबर मोरीवर लटकते. तिला हात पुसायचं फडकं अडकवलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

डोलकाठीवरून दिवसातून तीस वेळा पाय टाकून जाते. गुडघा बोलायला लागलाय. काय बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

वाचनालयात गेले. चौथीनंतर शाळा सुटली, ह्या वाचनालयाने मला वाढवलं. ग्रंथपाल बाईंना म्हटलं, होडीची डोलकाठी कशी राखायची ह्यावर काही आहे का? तिने चष्म्यावरून बघितलं. "काकू, तुम्ही नेहमी खुनाच्या कादंबऱ्या नेता."

"ह्यातही एक पडलेला आहे," म्हटलं.

जाडं पुस्तक मिळालं, चित्रांचं. लिहिणाऱ्याला बहुतेक बायको नसावी— प्रत्येक पानावर 'ह्यात हयगय नको' असं बजावलंय. घरी कोणी ऐकत नसलं की माणूस पुस्तक लिहितो.

पण समजावतो छान. डोलकाठी होडीच्या तळातल्या खोबणीत नुसती टेकलेली असते. उभी राहते ती तीन तारांच्या जिवावर: एक पुढे, दोन बाजूंना. प्रत्येक तार खाली होडीच्या काठाला एका पिनेने अडकवायची. पिनेच्या टोकाला भोक, भोकात रिंग. रिंग असेपर्यंत पिन निसटत नाही.

म्हणजे सोळा फुटांची काठी, एवढं मोठं शीड, दोन बाप्ये आणि त्यांची मिजास— सगळं तीन रिंगांवर!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

लेकीचा फोन. व्हिडिओचा. मागे डोलकाठी दिसली.

"आई, ते घरात काय आहे?"

"पाहुणा. सोळा फूट उंच आहे. जेवत नाही, बोलत नाही, पेपर पसरून ठेवत नाही. तुझ्या बाबांपेक्षा सोयीचा."

हसली नाही. म्हणाली, देऊन टाक ती होडी कुणालातरी. तुला पोहता तरी येतं का? तू कधी बसलीयेस तिच्यात?

खरंय. एकदाही नाही. कप्तान दर वर्षी विचारायचे, मी दर वर्षी सांगायचे की घरात एक शहाणं माणूस कोरडं राहिलेलं बरं. हसायचे. आता वाटतं, एकदा बसायला काय झालं होतं.

फोन ठेवल्यावर बुंध्यावर टोचा मारून बघितला, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. बोटभर लाकूड मऊ लागलं. कुजलंय. रडायला आलं, पण कुजलेल्या लाकडासाठीच असं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मिस्त्रीने कुजका भाग कोरून काढला, दोन नळ्यांतलं काहीतरी कालवून भरलं. दगडासारखं झालंय. मी वरपासून खालपर्यंत काचकागद मारला. घरभर भुसा. चहातही.

मग तारा. त्यांची परीक्षा फार गोड आहे— कापसाचा बोळा तारेवरून फिरवत न्यायचा. जिथे कापूस अडकेल तिथे आतला एखादा पदर तुटलेला. डोळ्याला दिसत नाही, कापसाला कळतं. तिन्ही तारांवरून बोळा सुळकन गेला. एकही तंतू अडकला नाही. कप्तानांनी तारा राखल्या होत्या!

आणि पुस्तकात हे वाचलं: वारा ज्या बाजूने, त्या बाजूची तार ताठ, दुसरी ढिली. ढिली तार सारखी हलते. तिच्या पिनेत रिंग नसेल तर पिन हलत हलत बाहेर येते, कोणाला पत्ता लागत नाही. मग होडी वळते, वारा दुसऱ्या बाजूला येतो, आणि आता जिच्यावर भार ती तारच सुटलेली. काठी आडवी.

अगदी असंच झालं होतं. होडी वळली, आणि.

१ मार्च, रविवार

आज होडीत चढले. म्हणजे शेडमध्येच, घोडीवर ठेवलेल्या होडीत. तरी दोन्ही हातांनी काठ धरून ठेवला. कप्तान असते तर टाळ्या वाजवल्या असत्या.

तळाच्या फळ्या उचलल्या. खाली चिखल, पेन्सिल, वाळलेला बेडूक. आणि पिन! डाव्या बाजूची. बाकी दोन पिना रिंगांसकट तारांनाच लोंबतायत, ही तिसरी इथे. रिंगेशिवाय.

एकदम उजेड पडला. रिंग घातलेली होती, पण तीच खराब निघाली! तुटून तळ्यात गेली. ह्यात कप्तानांचा दोष काय? भोंग्याला हे ओरडून सांगावंसं वाटलं.

मग त्याच चिखलात दुसरी वस्तू मिळाली. बायकांच्या केसांचा आकडा.

मी ह्या होडीत आज पहिल्यांदा आले.

त्याच दिवशी, उशिरा संध्याकाळी

शेवटच्या वर्षात कप्तान दर गुरुवारी न्हाव्याकडे जायचे. दोन-दोन तास. डोक्यावर मोजून अकरा केस! मी विचारलं, एकेक केस वेगळा कापतो का? म्हणाले, गर्दी असते.

गर्दी!

कोण असेल? तिला निदान पोहता येत असेल.

२ मार्च, सोमवार

सकाळी आकडा घासूनपुसून माझ्या डबीतल्या आकड्यांशेजारी ठेवला. माझाच. जाड तारेचा, नागमोडी, मी वीस वर्षं एकाच दुकानातून घेते.

अर्थात! कान कोरायला माझे आकडे पळवायचे ना! कितीदा धुण्यात खिशातून निघालेत. होडीत बसूनही कान कोरत होते, दुसरं काय. आणि मी रात्रभर त्यांची कप्तानीण शोधत बसले. मेलेल्या नवऱ्यावर संशय घेणारी मी एकटीच असेन. फोटोकडे बघून कान पकडले. माझे.

फक्त एक कळलं नाही. आकड्याचा एक पाय पक्कडीने वळवल्यासारखा पार गोल वाकलाय. असा कान कोणाचा असतो?

५ मार्च, गुरुवार

वार्निशचा तिसरा हात. मधाच्या रंगाची झालीय. सुंदर! घर मात्र रंगाऱ्याच्या बनियनसारखं वास मारतंय.

९ मार्च, सोमवार

पुस्तक म्हणतं, डोलकाठी उभी करायला दोन माणसं लागतात, एक धरणारा आणि एक बांधणारा. बांधणाऱ्याला ही होडी ठाऊक असावी. ह्यात हयगय नको.

मिस्त्री म्हणाला, "काकू, मी धरतो, पण ताण किती ठेवायचा ते जुन्या माणसालाच विचारा. प्रत्येक होडीचं वेगळं असतं."

जुनं माणूस एकच आहे.

तासभर फोनकडे बघत बसले. मग म्हटलं, कप्तानांसाठी भोंग्याचं तोंड बघायला हरकत नाही. ऐकायची तयारीही ठेवली.

"भावजी, मी बोलतेय."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

"डोलकाठी उभी करायचीय."

"गुरुवारी येतो," एवढंच. मग थोड्या वेळाने, "गुरुवार माझा मोकळाच असतो आता."

१२ मार्च, गुरुवार

आला. म्हातारा झालाय. डावा खांदा अजून किंचित वर.

काठी टेम्पोने परत शेडवर नेली. मिस्त्रीने धरली, भोंग्याने बांधली. हात अजून तसेच चपळ. पण तोंड! शीड ओढायच्या दोरीचं टोक दातात धरलं ते तासभर सोडलंच नाही. मिस्त्री म्हणाला, काका, दोरी ठेवा की बाजूला, तिचं काय काम आत्ता? तर नुसती मान हलवली. भोंगा, आणि तासभर गप्प! एवढा राग? मेलेल्यावर?

पुढची तार लावली, उजवी लावली. तार बोटाने छेडून, कान देऊन ताण बघत होता. डावीकडे आल्यावर थांबला. पिन भोकात घातली, आणि रिकाम्या भोकाकडे बघत राहिला. दोरी काढून म्हणाला, "इथली रिंग?" आणि लगेच दोरी परत तोंडात!

म्हटलं, "तळ्यात. तुटली असणार. म्हणजे ह्यांची चूक नव्हती, भावजी. ऐकताय ना?"

त्याने मान खाली घातली. रिंगेच्या जागी बारीक तार पिळली, बोटाने खूण केली की ही तात्पुरती, नवी आणा. आणि गेला. चहाही घेतला नाही. जवळजवळ पळालाच.

असो. डोलकाठी उभी आहे! मान वर करून बघितलं तर शेड संपून आभाळ लागलं होतं, कारण पुढे अंगणात ओढून उभी केलीय. एवढी उंच असते मला माहीतच नव्हतं. घरात कायम झोपलेली बघितली.

घरी आले तर खोली मोठी वाटली. उगीच दोनदा पाय उचलून चालले.

१४ मार्च, शनिवार

कप्तानांच्या डब्यात रिंग शोधली. सगळ्या लहान. म्हणून होडीच्या पिनांतल्या दोन रिंगांपैकी एक नमुना म्हणून काढून घेतली, तिथेही तार पिळली, आणि हार्डवेअरच्या दुकानात गेले.

दुकानदाराने रिंग बोटांत फिरवली. "ह्या मापाची सुटी मिळणार नाही काकू. होडीबरोबरच येतात. तिनाचा संच असतो."

"मग एक कमी पडतेय, तिचं काय करू?"

तो गल्ल्यावर ठेवलेल्या माझ्या जुडग्याकडे बघत होता. "कमी कुठे पडतेय? ही काय, तिसरी तुमच्याकडेच आहे की."

शेजारी शेजारी ठेवल्या. तीच जाडी. तेच दोन वेढे. तीच.

घरी कशी आले आठवत नाही. कुलूप मात्र उघडलं असणार. ह्याच रिंगेने.

१५ मार्च, रविवार

आज काही नाही.

१७ मार्च, मंगळवार

लिहून टाकते. नाहीतर आत सडेल, बुंध्यासारखं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी जुडग्याची जुनी रिंग उकलली होती. टेबलावर चहाच्या बशीत कप्तानांनी तीन रिंगा रॉकेलमध्ये टाकलेल्या. ते आंघोळीला गेले होते. मला वाचनालयात जायचं होतं. बशीतली एक उचलली, पदराला पुसली, किल्ल्या ओवल्या. मनात म्हटलं, ह्यांच्याकडे डबाभर आहेत. चार सेकंदांचं काम.

मग तळ्यावर गेल्यावर कळलं असणार की एक कमी आहे. होड्या सुटायची वेळ झालेली. खिशात काय? माझा आकडा. तोच पिनेत घातला, पक्कडीने वळवला. मनात म्हटलं असेल, एका फेरीचं तर काम आहे. आम्ही दोघं सारखेच.

आणि दवाखाना. निरोप आला तशी धावत गेले, दाराला कुलूप घालून, जुडगा मुठीत. भोंगा खाटेवर, कप्तान शेजारी स्टुलावर. मी समोर जाऊन उभी राहिले तर माझ्या हाताकडे बघत राहिले. मला वाटलं, बिचाऱ्यांना हात धरावासा वाटतोय पण लोकांसमोर लाजतायत. मी हात पुढे केला. त्यांनी धरला. किल्ल्यांसकट.

नंतर आठ महिने रोज संध्याकाळी कप्तानच दार उघडायचे. ह्याच रिंगेला धरून. आणि सगळ्या तळ्याला सांगायचे, रिंग माझ्या हाताने घातली. आकड्याचं सांगितलं असतं तर मी विचारलंच असतं, मग रिंग कुठे गेली? म्हणून खोटं बोलले. खोटारडे म्हणवून घेतलं, निष्काळजी म्हणवून घेतलं, मित्र गमावला.

आणि मी काय म्हणायचे? "एवढं काम नीट करता आलं नाही का हो!" एकदा नाही. पुष्कळदा.

१८ मार्च, बुधवार

कोणाला सांगायची गरज काय? कोणाला माहीत नाही. बावीस तारखेला काठी उभी राहील, लोक बघतील, झालं.

१९ मार्च, गुरुवार

नाही. भोंग्याचं हाड मोडलं. दोन वर्षं मी त्याला शिव्या घातल्या, बऱ्याचशा ह्याच वहीत. त्याला वाटतंय मित्र खोटं बोलला. त्याला खरं कळलंच पाहिजे, मग त्याने मला घराबाहेर काढलं तरी चालेल. उद्या जाते.

कळलं की तासाभरात सगळ्या तळ्याला कळेल. ते तर बरंच. मला वेगळं सांगत फिरायला नको.

२० मार्च, शुक्रवार

गेले. जुडगा त्याच्या टेबलावर ठेवला, रिंग दाखवली, सगळं सांगितलं, एका दमात.

भोंगा खुर्चीत मागे टेकला आणि भडाभडा बोलायलाच लागला. "मला त्याने त्याच दिवशी सांगितलं, वहिनी! दवाखान्यात. तुम्ही औषधं आणायला बाहेर गेलात तेव्हा. तुमच्या हातातला जुडगा बघितला होता त्याने. म्हणाला, हिला कळलं तर जन्मभर स्वतःला खात बसेल. आणि तुझ्या तोंडाला तर कुलूप नाही. मग मीच म्हटलं, मी घरी येतच नाही, आपलं भांडण झालं म्हणून सांग. भेटायचो की आम्ही, दर गुरुवारी. न्हाव्याच्या बाकावर."

मी टेबलावरचा जुडगा उचलून पदराला पुसला. मग म्हटलं, "भावजी, दोन वर्षं एवढं पोटात ठेवायला तुम्हाला जमलं कसं?"

"जमलं कुठे वहिनी! म्हणून तर त्याला पोचवायलाही आत आलो नाही."